शून्याचं पाणी

शुभा, कुठलाही अहवाल हातात आला की तू शेवटचं पान आधी उघडायचीस, म्हणून मीही निकाल आधीच सांगते. तुझी टाकी जिवंत आहे. ती लाल पट्ट्यांची कोळंबी गेली, काही गोगलगायी गेल्या, ते तुला माहीतच आहे. बाकी सगळे आहेत. ते हिरव्या बोटांचं प्रवाळ दिवे लागले की इतकं फुलतं की मागचा दगड दिसत नाही. आज सकाळी मी टाकीसाठी पाणी गाळलं, मीटरवर शून्य आलं, आणि मी तुझ्या ड्राय बाल्कनीत उभी राहून एकटीच टाळ्या वाजवल्या. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मान वर करून बघितलं. नणंदेचं तेरावं होऊन दोन दिवस झाले नाहीत आणि ही बाई टाळ्या वाजवतेय, असं त्यांना वाटलं असणार. वाटू दे.

तू समुद्र घरी आणलास तेव्हा मी किती बोलले होते तुला. इंदिरानगरातल्या तिसऱ्या मजल्यावर समुद्र! आम्ही खाली, तू वर, आणि मधल्या स्लॅबवर ती एवढी मोठी काचेची टाकी. मला प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं एवढंच ठाऊक. ते जिवंत असतं, त्याला भूक लागते, ते शेजाऱ्याला नांगी मारतं, हे सगळं तुझ्याकडून कळलं. "समुद्रच बघायचा तर चार दिवस कोकणात जाऊन ये की," मी म्हटलं. तू म्हणालीस, "वहिनी, तिथला समुद्र मला विचारत नाही. हा विचारतो." माझ्या डोक्यावरून गेलं ते तेव्हा.

आणि पाण्यावरून तर आपलं रोजच वाजायचं. भिंतीवर ओळीने ते पांढरे डबे. पहिल्यात गाळ अडतो, दुसऱ्यात कोळसा, तो क्लोरीन खातो, मग ते बारीक पडद्याचं गाळणं, आणि शेवटी निळ्या दाण्यांची नळी, उरलंसुरलं सगळं ओढून घेणारी. एका पाइपातून थेंब थेंब शुद्ध पाणी, आणि दुसऱ्यातून धो धो टाकाऊ. एक बादली शुद्ध पाण्यापायी तीन बादल्या बाहेर! मे महिन्यात, सोसायटीत एक वेळ पाणी येत असताना! मी लोणची-मसाल्याच्या ऑर्डरी घेणारी बाई, माझ्याकडे पाण्याचा थेंब वाया गेलेला चालत नाही. त्या टाकाऊ पाण्यात मी तुझ्या नाकावर टिच्चून दोन्ही घरांच्या फरश्या पुसल्या, कैऱ्या धुतल्या, जिना धुतला. तू म्हणायचीस, "ते घाण नाहीये गं, नळाचंच आहे, जरा जाड." मी म्हणायचे, "मग तेच घाल की टाकीत."

"नळाचं पाणी आपल्याला चांगलंच आहे, पी खुशाल. पण त्यात काय काय आहे ते मला सांगता येत नाही. शून्यात काय आहे ते सांगता येतं."

"आणि शून्य झाल्यावर परत त्यात किलोभर मीठ ओतायचं! आधी सगळं काढा, मग सगळं घाला. हा कुठला कारभार?"

"तू लोणच्याची बरणी धुऊन, पुसून, उन्हात का ठेवतेस? शेवटी आत मीठच घालायचंय ना?"

बरणीचं तुझं बरोबर होतं. पण तीन बादल्यांच्या बाबतीत माझंच बरोबर होतं शुभा, आणि आता तू उलट बोलू शकत नाहीस, हे मला अजिबात आवडलेलं नाही.

तुझं ऑपरेशन ठरलं तेव्हा तू स्वतःच्या पोटाबद्दल डॉक्टरांना जेवढे प्रश्न विचारले नाहीस, तेवढ्या सूचना मला टाकीबद्दल दिल्यास. अंबडच्या कारखान्यात सुटे भाग तपासण्यात जन्म गेला तुझा, तू मलाही तशीच तपासून घेतलीस. पाण्यात किती काय विरघळलंय त्याचा आकडा सांगणारं पेनाएवढं ते मीटर कसं बुडवायचं, मीठ किती झालं ते भिंगातून कसं बघायचं. मी बोट बुडवून जिभेला लावलं तर केवढी ओरडलीस! "टाकीचं पाणी रोज थोडं उडतं," तू म्हणालीस, "पण मीठ उडत नाही, ते मागे राहतं. म्हणून वरून भर घालायची ती बिनमिठाच्या, शून्याच्या पाण्याची. एवढं एक चुकू नकोस." मी चुकले नाही. पण तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी तुझ्याजवळ राहायचे, आणि घरी होता तुझा दादा.

तुझ्या दादाला तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. बहिणीला बरं वाटावं म्हणून त्याने काय करावं? नवस बोलला. रोज सकाळी स्कूटरवरून रामकुंडावर जायचं, गोदावरीची, म्हणजे आपल्या गंगेची, एक कळशी भरून आणायची आणि देवघरात ठेवायची. तीच ती तुझ्या आईची तांब्याची कळशी, चिंचेने घासून लख्ख केलेली. दुसऱ्या दिवशी नवी कळशी आली की जुन्या पाण्याचं करायचं काय? देवापुढचं पाणी मोरीत ओतायचं नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तुळशीला घालायचं. त्याने घातलं. दोन दिवसांत तुळस मान टाकायला लागली, इतकं पाणी झालं तिला. मग त्याच्या मनात आलं, शुभाच्या टाकीचं पाणी तर रोज कमी होतं, आणि घरात याच्याहून पवित्र पाणी कुठलं असणार? तो वर गेला आणि ओतलं. रोज. हात जोडून.

मी कपडे बदलायला घरी आले तेव्हा वर डोकावले. कोळंबी आडवी पडलेली. गोगलगायी काचेवरून गळून वाळूत उलट्या. आणि ते हिरवं प्रवाळ, तू ज्याला "माझी पोर" म्हणायचीस, ते मिटून नुसता पांढरट दगड झालेलं. मासे मात्र ठणठणीत फिरत होते, जसं काही झालंच नाही. मी मीठ बघितलं, जरा कमी. उष्णता बरोबर. माझी मती गुंग झाली. मग टाकीशेजारी स्टुलावर ती कळशी दिसली आणि एकदम तुझा आवाज कानात आला. टाकी आणली त्याच दिवशी तू मला दरडावलं होतंस की माझं तांब्या-पितळेचं एकही भांडं टाकीजवळ न्यायचं नाही. माशांना तांबं थोडंफार सोसतं, प्रवाळाला आणि कोळंबीला ते विष.

"अहो, तुम्ही या कळशीतलं पाणी टाकीत घातलंत?"

"गंगा आहे ती," तुझा दादा म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि स्टुलावरच बसला. "काय केलं मी?"

मी सांगितलं. ओरडायचंच ठरवलं होतं, पण ओरडता आलं नाही. तो लहान मुलासारखा रडत होता, आणि मला कळेना की हा टाकीसाठी रडतोय की तुझ्यासाठी.

तुला सांगायचं की नाही, यावर आम्ही दोघं दवाखान्याच्या पार्किंगमध्ये उभे राहून भांडलो. तो म्हणाला, बरी होऊ दे, मग सांगू. मी म्हटलं, तिला खोटा आकडा सांगितला तर ती ऑक्सिजन काढून घरी येईल. शेवटी मीच सांगितलं, त्याच्यासमोर. तू हसायला लागलीस. टाके दुखत होते तरी हसत होतीस, सिस्टर धावत आली.

"दादा, अरे गंगा मला पाजायची असते! त्यांना काय पाजतोस?"

त्या खोलीत हसणारी तू एकटीच होतीस. मग तू माझा हात धरलास आणि कारखान्यातल्या आवाजात म्हणालीस, "वहिनी, पाणी बदल. थोडं थोडं, पण रोज. कोळशाची पिशवी टाक, कपाटात तांबं ओढणारी पट्टी आहे ती लाव. घाई केलीस तर तांब्याने मरायचे ते तुझ्या हाताने मरतील. मला घरी आल्यावर माझी पोर उघडलेली बघायचीय."

आठवड्याने डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, टाके सुकले की आता घरीच न्या. का न्या, ते विचारायची गरज पडली नाही. त्या दिवसापासून माझ्यापुढे एकच काम होतं, शुभा. तुला बरं करणं माझ्या हातात नव्हतं. तू दारातून आत येशील तेव्हा ते प्रवाळ उघडं असणं, हे माझ्या हातात होतं. निदान मी तसं ठरवलं होतं.

गंगापूर रोडच्या त्या दुकानदाराला मी बोलावलं, तुला टाकीसाठी मीठ देणारा. त्याने टाकीत टॉर्च मारून बघितलं आणि मान हलवली. "काकू, हे गेलं. दगडातसुद्धा तांबं बसतं. सगळं रिकामं करा, टाकी मी घेऊन जातो, बघू काय करता येईल."

"दगड झालंय का ते पूर्ण?"

"नाही, पण होईल."

"मग झाल्यावर या," मी म्हटलं आणि त्याला चहा दिला.

आणि नेमकं त्याच आठवड्यात काय व्हावं? पाइपलाइनच्या कामासाठी पाणी बंद, सोसायटीत टँकर. ते बोअरचं पाणी, मीटर बुडवलं तर आकडा असा चढला की मला वाटलं मीटर बिघडलं. तुझे निळे दाणे बघता बघता तपकिरी झाले, म्हणजे त्यांचं पोट भरलं, आता ते काही ओढणार नाहीत. मी नवे दाणे भरले. तेही भरले. तुझा दादा पुन्हा पुढे आला, बिचारा, काहीतरी करायची धडपड. "एसीचं पाणी धरू का? ते तर वाफेचं, एकदम शुद्ध."

"एसीत आतून तांब्याच्या नळ्या असतात," मी म्हटलं. त्याने कानाला हात लावले.

मग मी माझी अक्कल चालवली, आणि इथे तू मला शाबासकी द्यायलाच हवी. माझ्याकडे लोणच्यासाठीच्या प्लॅस्टिकच्या मोठ्या बरण्या होत्या. दिंडोरीला माझ्या माहेरी विहिरीचं पाणी आहे, ते मीटरने तपासून घेतलं. टँकरच्या निम्म्याहूनही कमी आकडा. भाऊ रोज द्राक्षबागेच्या गाडीतून बरण्या भरून आणून द्यायचा. "ताई, अगं माशांसाठी मी पाणी वाहतोय, लोक हसतात मला," म्हणायचा. मी म्हटलं, हसू दे, तू बरण्या नीट बांध, फवारणीच्या कॅनजवळ ठेवू नकोस. ते पाणी मी बाल्कनीतल्या पंपाने त्या डब्यांतून चालवलं. दाणे टिकले. आकडा खाली आला, आणखी खाली आला, मग शून्य. मी ते मीटर झटकलं, पुसलं, पुन्हा बुडवलं. शून्य. काहीच नाही त्या पाण्यात, ना आपलं पुण्य ना पाप. शून्याबद्दलचं तुझं ते म्हणणं मला त्या क्षणी कळलं. मग मीठ घातलं, पंप लावून रात्रभर फिरवलं, आणि दुसऱ्या दिवशी टाकीतलं थोडं काढून हे थोडं घातलं. असं रोज. कैऱ्यांचा मोसम होता, माझ्या ऑर्डरी पडून राहिल्या. पहिल्यांदाच गिऱ्हाइकांना मी सांगितलं की यंदा लोणचं उशिरा.

पहिल्यांदा एक गोगलगाय काचेवर चढली. एकच. मी दादाला हाक मारून दाखवली. तो काचेला नाक लावून किती वेळ बघत होता. प्रवाळ मात्र मिटलेलंच. तुला आणायचं त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी एका टोकाला बारीकसं हिरवं बोट बाहेर आलं. मी श्वाससुद्धा हळू घेतला.

तुला खुर्चीत बसवून वर आणलं. तू इतकी हलकी झाली होतीस की दादाने एकट्याने उचललं असतं तरी चाललं असतं. दिवे लागलेले होते. मला वाटलं होतं चार-पाच बोटं तरी दिसतील. तुला आठवतंय ना? सगळं उघडलं होतं. एक टोक सोडून सगळं. हिरवं, हलणारं, वाऱ्यावरच्या भातासारखं. मग तू मान वळवून विचारलंस, "आकडा?"

"शून्य."

"दाखव."

मी दाखवला. तू मीटर स्वतःच्या हातात धरून बघितलंस. आणि मग दादाला जवळ बोलावून शून्याच्या पाण्याचा प्लॅस्टिकचा मग त्याच्या हातात दिलास. "रोज सकाळी टाकीत भर तू घालायचीस. वहिनी नाही. तू." तो नको नको म्हणत होता. तू म्हणालीस, "नवस बोललायस ना? मग पुरा कर. फक्त भांडं बदल." त्याने घातलं. तुझ्यासमोर, हळूहळू, अभिषेकाची बारीक धार असावी तसं. तुझ्या दादाला तू त्या दिवशी सोडवलंस, शुभा. नाहीतर तो आयुष्यभर त्या कळशीपाशी बसून राहिला असता. याबद्दल मला तुझे आभार मानायचे होते. मानायचे राहून गेले. म्हणजे राहिले असं नाही, तुझ्याशी असं काही बोलायला गेलं की तू "झालं का कीर्तन सुरू?" म्हणायचीस, म्हणून बोलले नाही.

पुढचे दिवस तू टाकीसमोरच्या कॉटवर होतीस. आपण दोघी त्या निळ्या उजेडात बसायचो आणि मी तुला शेजाऱ्यांच्या भानगडी सांगायचे. तू डोळे मिटून ऐकायचीस आणि मध्येच एखादा नेमका खवचट प्रश्न विचारायचीस. मी खरंच सांगते, ते दिवस मला दुःखाचे वाटले नाहीत. आता वाटतात. आता तुझ्या फ्लॅटचं कुलूप उघडायच्या आधी माझा हात बेलकडे जातो, आणि जिन्यावर कुणी खोकलं तरी वाटतं तूच. मला तुझी फार आठवण येते गं. इतकी वर्षं भांडायला हक्काचं माणूस होतं.

तू गेलीस तेव्हा दादाने तुझ्या ओठांना गंगा लावली. तांब्याच्याच पळीने. ते बघून मला तुझं हसणं आठवलं, आणि सगळे रडत असताना मला हसू आलं. तोंडावर पदर घेतला मी. लोकांना वाटलं हुंदका आवरतेय. तोही होताच.

दिवसकार्याला आलेल्या नातेवाइकांनी टाकीचं काय करायचं ते ठरवूनही टाकलं होतं. कुणी म्हणालं विका, कुणी म्हणालं सुतकात माशांना खायला घालतात का. दादा आजवर नातेवाइकांपुढे कधी बोलला नव्हता. तो उठला, तो प्लॅस्टिकचा मग हातात घेतला, म्हणाला, "तिची भर घालायची वेळ झाली," आणि वर गेला. विषय तिथे संपला. तो दुकानदारही येऊन गेला, भेटायला. प्रवाळाकडे बघून त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काकू, हे पाणी कुणी केलं?" मी म्हटलं, मी. तेव्हा माझी छाती केवढी फुगली होती म्हणून सांगू. त्याला प्रवाळाचा एक तुकडा हवाय, दुकानातल्या टाकीत वाढवायला. अजून मोठं होऊ दे, मग देईन म्हटलंय.

सुतक फिटलं तशी तुझ्या दादाने काल देवघर उघडलं, देव उजळले, आज सकाळपासून पूजेची तयारी चालली होती. मी इथे तुझ्या टेबलाशी बसून हे लिहितेय, आणि एवढ्यात तो भर घालायला वर आला आणि टाकीपासूनच हाक मारली, "अगं, इकडे ये, लवकर!" पेन तिथेच टाकलं. धावले. तो टाकीसमोर गुडघ्यावर बसला होता. प्रवाळाच्या बुडाशी, तुझ्या त्या नारंगी पट्ट्यांच्या माशांच्या जोडीने दगडाचा एक कोपरा साफ केला होता, आणि त्यावर दाटीवाटीने चिकटलेली नारंगी अंडी. खसखशीहून थोडी मोठी. नर पंखांनी त्यांच्यावर पाणी मारत होता, आणि मादी आमच्या अंगावर धावून येत होती, काचेतूनच. मला घाबरवायला निघाली होती बोटभर बया.

दादा मागे वळला आणि अगदी गंभीरपणे, नेम-धर्म पाळणाऱ्या माणसाच्या काळजीने मला विचारलं, "म्हणजे आता आपल्याला जन्माचं सोयर आलं का गं?"

"आलं," मी म्हटलं. "देव ठेवा झाकून."

त्याने खाली जाऊन खरंच देवघराचं दार लावून घेतलं. शुभा, तुझ्या घरात सोयर आहे.